परीक्षेला नसलेलं सातवं प्रकरण

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

प्रशासकीय सेवेच्या परीक्षेसाठी बारावीच्या राज्यशास्त्राचं एनसीईआरटीचं (म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या परिषदेचं) पुस्तक नवं घेऊ की जुनं, असं तू विचारलंस. दोन्ही घे. जुनं २०२२ च्या आधीच्या छपाईचं बघ. मूळ प्रत नाही मिळाली तर झेरॉक्स घे, अप्पा बळवंत चौकात कुणीही काढून देईल. दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेव आणि काय गेलंय तिथे पेन्सिलने खूण कर.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण पुस्तकांतून मजकूर काढण्यावरून मी बोलले, तर फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आई, सगळेच पक्ष हेच करतात गं. आपण कशाला डोकं तापवून घ्यायचं? मुलाखतीत असलं बोललं तर मार्क जातात." ते काही माझ्या मनातून जाईना. तू म्हणालास त्यातला पहिला भाग खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच डोकं तापवायचं असतं, असं मला वाटतं. ते नीट मांडायला फोन पुरत नाही.

आधी सातव्या प्रकरणाबद्दल लिहिते, कारण तुझ्या नव्या पुस्तकात ते सापडणार नाही. २००७ साली आलेल्या त्या पुस्तकात स्वातंत्र्यानंतरच्या जनआंदोलनांवर एक अख्खं प्रकरण होतं. चिपको, शेतकऱ्यांची भारतीय किसान युनियन, आंध्रातल्या बायकांनी दारूविरुद्ध उभारलेला लढा, नर्मदा बचाव, माहितीच्या अधिकाराची चळवळ. आणि त्यातच आपल्या महाराष्ट्रातली, १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर. त्या भागात नामदेव ढसाळांची कविता इंग्रजी अनुवादात दिलेली होती. म्हणजे आसामात, केरळात, राजस्थानात, जिथे जिथे ही पुस्तकं लावली होती तिथला बारावीचा मुलगा मुंबईतल्या एका मराठी कवीची कविता राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाचत होता. मला शिक्षिका म्हणून याचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

आपल्या शाळेत देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानांची आणि अधिकाऱ्यांची मुलं येतात, हे तुला माहीतच आहे. एका वर्षी हरियाणातली एक मुलगी वर्गात होती. कविता तिने मोठ्याने वाचली आणि मग विचारलं, "मॅम, ही मूळ कुठल्या भाषेत आहे?" मराठीत, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा नाशिकरोडचा एक मुलगा आजोबांच्या कपाटातून कवितासंग्रह घेऊन आला आणि त्याने मराठीतून वाचून दाखवली. एरवी तो तोंड उघडत नसे. तिला शब्द फारसे कळले नाहीत. पण तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "आमच्या गावात अजूनही पाणवठा वेगळा आहे. ते कुठल्या पुस्तकात आहे?" सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या गावाबद्दल असा प्रश्न पडावा, यासाठीच तर आम्ही खडू हातात धरतो.

२०२२ मध्ये ते प्रकरण गेलं. ज्याला 'सुसूत्रीकरण' म्हणतात त्यात गेलं. करोनात मुलांचं शिक्षण मागे पडलंय, त्यांच्यावरचं ओझं कमी करायचं, म्हणून पुस्तकं हलकी करतोय, असं सांगितलं गेलं. त्या वर्षीची पुस्तकं आधीच छापून झाली होती, म्हणून वगळलेल्या भागाची यादी फक्त ऑनलाइन आली. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर पीडीएफ आली, मुलांच्या ग्रुपवर गेली, आणि मुलांनी पट्टी लावून पानांवर रेघा मारल्या. पान समोर आहे, शब्द दिसताहेत, पण "मॅम, हे डिलीटेड पोर्शनमध्ये आहे" म्हटलं की विषय संपला. मी तरीही त्यावर एक तास घेतला. मुलं बसली, ऐकलं, पण वह्या मिटलेल्या होत्या. निखिल, आपल्याकडे पुस्तकावर बंदी घालावी लागत नाही रे. परीक्षेला नाही एवढं सांगितलं की पुरतं. बंदी घातली तर चार मुलं हट्टाने शोधून वाचतात, परीक्षेला नसलेलं कुणी शोधत नाही.

याची रंगीत तालीम २०२० च्या जुलैमध्ये झाली होती. सीबीएसईने त्या वर्षापुरता अभ्यासक्रम तीस टक्क्यांपर्यंत कमी केला. शाळा बंद, मुलं मोबाइलवर शिकत होती, त्यामुळे कपात करायला माझी मुळीच हरकत नव्हती. पण अकरावीच्या राज्यशास्त्रातून पूर्णच्या पूर्ण काय गेलं ते बघ: संघराज्यवाद, नागरिकत्व, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता. काही महिन्यांपूर्वी नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर माणसं रस्त्यावर होती, आणि मुलांना नेमकी नागरिकत्वाची व्याख्या जड झाली? त्याच्या स्पष्टीकरणाचं पत्रकही मग आलं, की हे फक्त यंदाच्या परीक्षेपुरतं आहे. असेल. पण ओझं कमी करायचंय तर सगळ्या प्रकरणांतून थोडं थोडं काढता येतं. मी इतकी वर्षं पोर्शन बसवतेय, मला ते गणित येतं.

२०२२ च्या वेळी वगळण्याचे निकष दिले होते. दुसऱ्या विषयात तोच मजकूर असणं, अवघड असणं, मुलांना स्वतःहून सहज वाचता येण्यासारखं असणं, आणि सद्यस्थितीत अप्रस्तुत असणं. आता या निकषांवर काय गेलं ते ताडून बघ. इतिहासातून मुघल दरबारांवरचं प्रकरण. दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती, ज्यावर अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. दहावीच्याच राज्यशास्त्रातून लोकशाहीसमोरच्या आव्हानांचं प्रकरण. आणीबाणीवरची काही पानंसुद्धा. आणीबाणीत ज्या पक्षाच्या नेत्यांनी तुरुंगवास भोगला त्या पक्षाच्या राज्यात हे झालं, हे मला आजही उलगडलेलं नाही.

आणि २००२ ची गुजरात दंगल. त्या भागात अटलबिहारी वाजपेयींचं विधान होतं. एप्रिल २००२ मध्ये अहमदाबादला ते म्हणाले होते की मुख्यमंत्र्यांनी राजधर्म पाळावा, राज्यकर्त्याने जात, पंथ, धर्म बघून प्रजेत भेद करू नये. पंतप्रधान, स्वतःच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याला, जाहीरपणे. त्यापुढे त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही यावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण एका नेत्याने आपल्या माणसांना उद्देशून राजधर्म हा शब्द उच्चारला, हे मुलांनी वाचायला नको का? राजकीय प्रामाणिकपणाचा धडा हवा असेल तर तो तिथे होता. तोच काढला.

मला खरा राग आला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. वर्तमानपत्रांनी दाखवून दिलं की वगळलेल्या मजकुराच्या जाहीर यादीत नसलेल्या गोष्टीही नव्या छपाईतून गायब आहेत. गांधीजींच्या हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या प्रयत्नांनी काही कट्टर हिंदू चिडले आणि त्यांच्यावर आधीही हल्ल्याचे प्रयत्न झाले, हे वाक्य. हत्येनंतर संघावर सरकारने बंदी घातली, हे वाक्य. नथुराम हा पुण्याचा ब्राह्मण होता आणि एका कट्टर वृत्तपत्राचा संपादक होता, हा उल्लेख. यादीत का नाही, असं विचारल्यावर परिषदेच्या संचालकांचं उत्तर होतं की ती नजरचूक असू शकते. नजरचूक झाली तर माणूस ती दुरुस्त करतो ना? वाक्यं परत आली नाहीत.

त्यातल्या जातीच्या उल्लेखाबद्दल तुझ्या मामाशी माझं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, पुस्तकात खुन्याची जात कशाला हवी? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, आणि तूही नेऊ नकोस. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. १९४८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या भागात काय झालं ते मी शाळेत कधीच शिकले नाही. गांधीजी गेल्याची बातमी आली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. घरात मोठी माणसं 'अठ्ठेचाळीसची जाळपोळ' एवढंच म्हणायची आणि मुलं आली की गप्प व्हायची. शेजारच्या घरात तीच गोष्ट वेगळी ऐकायला मिळायची, तिसऱ्या घरात आणखी वेगळी. कुणाचं घर कुणी जाळलं आणि कुणाचं कुणी वाचवलं, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने लक्षात ठेवलेलं. आज पंच्याहत्तर वर्षांहून जास्त झाली, तरी आमच्या गावात दोन आळींमध्ये त्याची अढी आहे, आणि ज्यांच्या मनात ती आहे त्यांना ती कशाची हेच धड माहीत नाही.

म्हणून मी तुझ्या मामाला म्हटलं, खुन्याची जात काढून टाकायची तर त्या जातीच्या निरपराध माणसांवर जे गुदरलं तेही मुलांना कधी कळणार नाही. दोन्ही लिहा. मारणारा कोण, कुठल्या विचाराचा होता ते लिहा, आणि त्याच्या पापाची शिक्षा ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांना कशी झाली तेही लिहा. पहिलं एकाला झोंबेल, दुसरं दुसऱ्याला. झोंबू दे. पाठ्यपुस्तकात जे येत नाही ते मूल घरातून शिकतं, आणि घरातलं शिक्षण एका बाजूचं असतं. हे मी वर्गात पाहिलेलं आहे. दंगल हा शब्द उच्चारला की मुलांच्या तोंडून जे निघतं ते पुस्तकातलं नसतं, ओसरीवरचं नाही तर व्हॉट्सॲपवरचं असतं.

२०२४ मध्ये बाबरी मशिदीचं नाव जाऊन 'तीन घुमटांची वास्तू' आली आणि अयोध्येवरचा भाग निम्म्यावर आला. तेव्हा संचालकांनी मुलाखतीत सांगितलं की शाळेत दंगली का शिकवायच्या, आम्हाला हिंसक आणि खचलेले नव्हे तर सकारात्मक नागरिक घडवायचेत. मला हे पटत नाही. पण एक सांगते, ओझं कमी करण्याच्या सबबीपेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटलं. निदान कारण सांगितलं. त्याच्याशी वाद घालता येतो. तुझ्या मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम काढून बघ, सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात सांप्रदायिकता, प्रादेशिकता आणि धर्मनिरपेक्षता हे शब्द छापलेले आहेत. ज्या देशाला आपला कलेक्टर दंगली समजून घेतलेला हवा आहे, त्या देशाला त्याच कलेक्टरचं सतरा वर्षांचं रूप त्यापासून लांब का ठेवायचं आहे, हा माझा प्रश्न आहे.

आता तुझ्या "सगळेच पक्ष" कडे येते.

२०१२ चा मे महिना. केंद्रात काँग्रेसचं सरकार. अकरावीच्या राज्यघटनेच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं एक व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, आणि भोवती बघणारी गर्दी. गोगलगाय म्हणजे घटनेचं काम. पुस्तकाने खाली मुलांना विचारलं होतं की घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकाराला हेच म्हणायचंय का, आणि घटनासमितीला एवढा वेळ का लागला असेल? ११ मे रोजी संसदेत गदारोळ झाला, कामकाज थांबलं. मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि चित्र काढत असल्याचं सांगितलं. त्याच दिवशी पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. तू ज्या पुण्यात आता बसून हीच पुस्तकं वाचतोयस, त्याच पुण्यात.

चित्र बघून ज्यांना वेदना झाली त्यांची वेदना खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. चाबूक हातात घेतलेला माणूस मागे आणि बाबासाहेब पुढे, हे दृश्य ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खरे चाबूक सोसलेत त्यांना काय वाटेल, हे चित्र निवडणाऱ्यांनी आणखी विचारात घ्यायला हवं होतं, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण ज्या खासदारांनी त्या आठवड्यात भाषणं केली त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं आहे. तीन दिवसांनी पुन्हा चर्चा झाली तेव्हा बोलणं बाबासाहेबांवरून केव्हाच घसरलं आणि पुढाऱ्यांवरची सगळीच व्यंगचित्रं पुस्तकांतून काढा यावर आलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्यावर एका सुरात बोलले. मग समिती नेमली गेली, आणि तिने बरीच चित्रं काढायला सांगितलं. एका सदस्याने, एम. एस. एस. पांडियन यांनी, आपली असहमती लेखी नोंदवली. समितीतलं ते एक नाव मी लक्षात ठेवलंय.

हेच शंकर, ज्यांच्या साप्ताहिकाचं १९४८ साली उद्घाटन करताना नेहरू म्हणाले होते, मलाही सोडू नकोस. ते साप्ताहिक आणीबाणीत, १९७५ मध्ये बंद झालं. आणि २०१२ मध्ये नेहरूंच्याच पक्षाच्या सरकारने त्यांचं चित्र मुलांच्या पुस्तकातून काढलं.

आणि पुस्तकाच्या त्या प्रश्नाचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटनासमितीतलं भाषण तू क्लासच्या नोट्समधून नको, मूळ वाच. घटनासमितीने फार वेळ घेतला, जनतेचा पैसा उधळला, असा आरोप होत होता. एका सदस्याने तर मसुदा समितीला 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हणजे भरकटलेली समिती म्हटलं होतं. बाबासाहेबांनी कुणाला माफी मागायला लावली नाही. उभे राहिले आणि हिशेब दिला: दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. आपली ३९५ कलमं, त्यांची किती कमी. शिवाय २,४७३ दुरुस्त्या मांडल्या गेल्या. टीकेला असं उत्तर देणारा माणूस मुलांना कळावा, यासाठीच तर ते चित्र आणि तो प्रश्न तिथे होता. त्याच भाषणात त्यांनी बजावलंय की राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा खात्रीचा मार्ग आहे.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेव. २०१२ मध्ये बाबासाहेबांच्या एका चित्रासाठी संसद थांबली. २०२२ मध्ये त्यांचं नाव घेऊन उभी राहिलेली दलित पँथर, ढसाळांच्या कवितेसकट, पुस्तकातून काढली गेली. त्यासाठी संसदेचं कामकाज एक दिवस बंद पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. २०१२ मध्ये टेबलं वाजवणारे कुठे होते? चित्राने त्यांना जी वेदना झाली ती अख्खं प्रकरण जाताना का झाली नाही? मला पुढाऱ्यांचा प्रामाणिकपणा इथे दिसतो, म्हणजे दिसत नाही. मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं आणि जाहीरनामे यांच्यापेक्षा मला हे जास्त सांगून जातं.

आपल्या राज्यातलंही ऐक. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.ला लावलेली रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्यावर कुलगुरूंनी झटक्यात अभ्यासक्रमातून काढली. मुख्यमंत्री काँग्रेसचे अशोक चव्हाण. त्यांनी प्राध्यापकांच्या पाठीशी उभं राहायचं, तर कादंबरीतली भाषाच आक्षेपार्ह असल्याचं सांगितलं. शिवसेनेचा विरोधी पक्ष सत्तेत असून शिवसेनेचीच री ओढली गेली.

तेव्हा तुझं खरं आहे, सगळे करतात. पण एक फरक तू नजरेआड करू नयेस असं मला वाटतं. ज्या सल्लागारांना काँग्रेसच्या सरकारने २०१२ मध्ये तोंडघशी पाडलं, त्याच दोघांनी त्याच सरकारच्या काळात, काँग्रेसच्याच आणीबाणीवर एक सविस्तर प्रकरण लिहून घेतलं होतं. १९८४ चं शीखविरोधी हत्याकांडही त्या पुस्तकात होतं. आणि जून २०२३ मध्ये त्याच दोघांनी परिषदेला लिहिलं की ही तोडमोड आम्हाला मान्य नाही, पुस्तकांवरून आमची नावं काढा. त्यांच्या मागोमाग इतर तेहतीस अभ्यासकांनी तसंच कळवलं. परिषदेने नकार दिला, हक्क आमचे आहेत म्हणून. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं, गरज पडली तर कोर्टात जाऊ म्हणून. सरकार बदललं, पक्ष बदलला, आणि हे दोघे दोन्ही वेळा त्याच जागी उभे. सगळेच सारखे असतात असं म्हटलं की पहिली हानी अशा माणसांची होते. त्यांनाही आपण त्याच पोत्यात घालतो.

तू पास होशील, मला शंका नाही. आणि मग एखाद्या दिवशी तुझ्याच टेबलावर अशी यादी येईल. पुस्तकातली वाक्यं मंत्री स्वतः बसून खोडत नाहीत. कुणी तरी टिपणी लिहितं, कुणी तरी 'किरकोळ बदल' असा शेरा मारतं, कुणी तरी सही करतं. तुझ्या नीतिशास्त्राच्या पेपरात शासनव्यवहारातली सचोटी हा घटक आहे, त्यावर तू छान उत्तर लिहिशील. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की अशी फाइल आली तर खरं कारण फाइलवर लिही. 'मंत्रिमहोदयांच्या तोंडी सूचनेनुसार' असं असेल तर तसंच लिही. ओझं कमी करण्यासाठी असेल तर किती तासांचं ओझं ते लिही. आणि यादी जाहीर करताना तिच्या बाहेरचं एक अक्षरही हलू देऊ नकोस. त्यासाठी बदली होईल. होऊ दे, आम्ही दोघं भेटायला येऊ तिथे.

मुलाखतीत काय बोलायचं ते तू ठरव. पण विचारलंच कुणी पाठ्यपुस्तकांबद्दल, तर गुळमुळीत उत्तर देऊन आलेल्या मार्कांचे पेढे मला नकोत.

तुझा रूममेट, तो लातूरचा, २०१२ ची कारवाई बरोबरच होती म्हणतो असं तू सांगितलंस. दिवाळीत त्याला घेऊन ये. सुट्टीत मेसही बंद असते, चार दिवस घरचं जेवेल. त्याची बाजू मला नीट, सावकाश ऐकायची आहे, कारण ते चित्र बघताना त्याच्या घरात काय झालं असेल हे मी कितीही वाचलं तरी त्याच्याइतकं मला कळणार नाही. मी त्याला बाबासाहेबांचं भाषण दाखवीन, तो मला काय दाखवायचं ते दाखवेल. त्याने मला पटवलं तर या पत्रातला तो भाग मी त्याच्यासमोर मागे घेईन.

बाबांचा गुडघा बराय. तब्येत सांभाळ, रात्री फार जागू नकोस.

तुझी,
आई